दर्भाचा कावळा

— अहो, उठता कुठं ताई, बसा. बसा हो जरा, पायरी स्वच्छ आहे, मी मघाशीच पुसून घेतलीय. तुमची माणसं आहेत की तिकडं पिंडापाशी, आणि तुम्ही जाऊन उभ्या राहिल्यात म्हणून कावळा काय लवकर येणारे? उलट गर्दी बघून तो लांबच बसतो. सासूबाई ना तुमच्या? तेच म्हटलं— मघाशी ते जाडे गृहस्थ, दीर असतील, 'आई, आता ये गं, किती अंत बघतीस' म्हणून ओरडले ना, त्यावरून कळलं. माझं? नाही, माझं आज कुणाचं काही नाही. म्हणजे आमच्या ह्यांचं सगळं इथंच झालं, रामकुंडावर, ह्याच पायऱ्यांवर, पण त्याला झाले दिवस, पोरगी तेव्हा नुकती अकरावीत गेली होती. आता बारावीला आहे, बोर्डाला. आज गणित आहे तिचं. इथं जवळच, पंचवटीतल्या एका शाळेत नंबर आलाय. तिला गेटवर सोडलं, नि तिथं बाकीच्या आयांच्या घोळक्यात ताटकळायच्या ऐवजी इकडं आले. हे पान होय? भेळभत्ता आहे, ह्यांना फार आवडायचा. असू द्या ते तिथंच, तुम्ही बसा.

ती निळ्या ओढणीतली मुलगी तुमची का? नाक अगदी तुमचं उचललंय. निकिता— छान नाव. नववीला? म्हणजे पुढच्या वर्षी दहावी. मग ताई, एक सांगते, राग मानू नका, ओळख ना पाळख, पण सांगते— तुमच्या दिरांना म्हणावं, काय वाट्टेल ते कबूल करा, पोरीचं नाव घेऊ नका. आत्ता म्हणाले ना ते, 'आई, निकीला डॉक्टर करू'? मी ऐकलं. अंगावर काटा आला माझ्या, हा हात बघा. बरं तर बरं, नेमका तेव्हा कावळा नाही आला. पिंडापाशी बोललेलं परत घेता येत नाही हो. जिवंत माणसाला दिलेला शब्द एक वेळ फिरवता येतो— रुसेल, चार दिवस बोलणार नाही, मग येईल आपणहून चहाला. मेलेल्या माणसाची समजूत काढायला कुठं जायचं?

आमच्या वेळी काय झालं, सांगते. आम्ही एकलहऱ्याचे, थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीत राहतो, हे बॉयलरला होते. ड्यूटीवरच गेले. छातीत कळ आली म्हणून खाली बसले, ते बसलेच. तर दहाव्याला इथं पिंड मांडला, सगळे मागं सरकले, आणि कावळा काही येईना. आमच्याकडं बोलणाऱ्यांची काय कमी— ह्यांचे धाकटे भाऊ, यादवभाऊजी, पिंपळगावला द्राक्षांचा टेम्पो चालवतात, आवाज म्हणजे टेम्पोचा हॉर्नच. त्यांनी सुरुवात केली. भाऊ, आईला आम्ही सांभाळू. नाही आला. भाऊ, वहिनीला काही कमी पडू देणार नाय. नाही. मग कुणाला तरी आठवलं, चहा राहिला असेल, ह्यांना सारखा चहा लागायचा— आणला चहा, कागदी कपात, ठेवला पिंडाशेजारी. मग तंबाखू. खात नव्हते हो हे, पण ह्यांचा एक मित्र खाली मान घालून म्हणाला, वहिनी, प्लांटमध्ये खायचा तो. म्हणजे बघा, इतकी वर्षं संसार केला आणि तंबाखूचं कळलं ते दहाव्याला! तर तंबाखूलाही नाही आला. आणि शेजारीच एका म्हातारीचा पिंड होता, त्याच्यावर ही झुंबड, कावळे एकमेकांना ढकलून खातायत, आणि आमच्याकडं ढुंकून बघत नाहीत. मेल्यावरसुद्धा माणसाचा अपमान होतो, ते तेव्हा कळलं मला.

गुरुजी बिचारे खोळंबलेले, त्यांची पुढची माणसं येऊन थांबली होती. ते म्हणाले, ऊन चढलं, दर्भाचा कावळा करू का? असतं ना तसं— दर्भाच्या काड्या वळून कावळा करायचा, पिंडाला लावायचा, झालं, शिवला म्हणायचं. शास्त्रातच सोय आहे. पण आमच्या सासूबाई कसल्या ऐकतायत! 'माझ्या लेकाला गवत शिववता काय रं?' म्हणाल्या. आज मला वाटतं ताई, त्या दिवशी गवतच शिवलं असतं तर किती बरं होतं. गवत काही मागत नाही. आणि मग यादवभाऊजी पुढं झाले, दोन्ही हात असे वर केले नि ओरडले— 'भाऊ, तुझी तेजू गणितात नाव काढल! तिला इंजिनेर करू, तिचं गणित सुटू देणार नाय, शब्द हाय माझा!' आणि आला. पुलाच्या बाजूनं सरळ आला, कुठं बसला नाही, घिरटी घेतली नाही, पिंडावर उतरला नि चोच मारली.

मग काय विचारता. बायका रडायला लागल्या, सासूबाई होत्या तिथंच बसल्या, आणि यादवभाऊजींना लोक अशा मिठ्या मारायला लागले, जसा काही कावळा त्यांनीच पाळलेला. 'समाधानचा जीव पोरीच्या गणितात अडकला होता'— हे वाक्य तिथं कुणीतरी काढलं, नि संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीत गेलं. पेठहून आत्याबाईंचा फोन आला, मी सांगायच्या आधी त्याच मला सांगतायत. आणि तेजू? तेजू माझ्या मागं उभी होती. एवढी घोडी झालेली पोरगी, पण लहानपणी धरायची तसा माझा पदर धरून. रिक्षात बसल्यावर म्हणाली, 'आई, मी गणित ठेवते.'

ठेवते म्हणजे? सांगते ना, बसा. दहावीला तिला गणितात पैकीच्या पैकी होते. कॉलनीत पेढे वाटले मी, ज्यांच्याशी बोलत नव्हते त्यांच्याही घरी दिले, मुद्दाम दिले. मग सायन्सला घातली, आणि अकरावीत काय झालं कुणास ठाऊक, पायाखालची जमीन सरकल्यासारखी पोरगी वह्यांपुढं नुसती बसून राहायला लागली. सायन्सला राहून गणिताच्या जागी भूगोल घेता येतं, हे तुम्हाला माहीत होतं? मलाही नव्हतं. ती कॉलेजात विचारून आली होती. गणपतीपर्यंत बदलून मिळेल म्हणाले होते. तर तेवढ्यात हे गेले. आणि मग पप्पांचाच जीव गणितात अडकलेला म्हटल्यावर— कसला भूगोल नि कसलं काय. नाही, मी नाही हो जबरदस्ती केली! मी एक शब्द बोलले नाही. शप्पथ घेऊन सांगते, एक शब्दसुद्धा बोलले नाही.

आणि ऐका, दुसऱ्याच दिवशी आमच्या खिडकीच्या ग्रिलवर एक कावळा येऊन बसला. आता एकलहऱ्यात कावळ्यांना काय तोटा, तारेवर कावळे, टाकीवर कावळे. पण तेजू म्हणाली, 'पप्पा आले.' मी हसले. तेव्हाच दरडावायला हवं होतं, पण नवीन दुःख होतं ना, म्हटलं असू दे, तेवढाच आधार. मग तिचं ते सुरू झालं. गणित सोडवायला घेणार, ग्रिलवर पोळीचा तुकडा ठेवणार. कावळ्यानं तुकडा उचलला तर उत्तर बरोबर. नाही उचलला, की सगळं खोडून पहिल्यापासून. अहो, बरोबर आलेलं गणित खोडायची! मी पुस्तकाच्या मागं बघायची, मला काय कळतंय त्यातलं, पण आकडे तर वाचता येतात— म्हणायची, अगं बाई, हे बघ, हेच उत्तर छापलंय इथं. तर माझ्याकडं न बघता म्हणायची, 'पप्पांना पटलं नाही.' कसं वाटत असेल मला, सांगा. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना कान तिकडंच. काव ऐकू आलं की माझा जीव भांड्यात पडायचा. आता मीसुद्धा त्याची वाट बघायला लागले होते की! एकदा तो सबंध दिवस नाही आला, तर मी गच्चीवर जाऊन हाका मारल्या. काव काव करून. शेजारची बायडाबाई धुणं वाळत घालत होती, ती बादली घेऊन खाली निघून गेली.

क्लासचे सर म्हणतात, पोरगी हुशार आहे, रीत चोख आहे, पण पेपरात हात थांबतो. थांबतो म्हणजे कसा, तर पेन टेकवलेलं असतं कागदाला नि पुढं सरकत नाही. शाईचा ठिपका मोठा होत जातो नुसता. प्रिलिमला पहिला प्रश्न लिहिला, मग खिडकीकडं बघत बसली ती बसलीच. सरांना वाटलं, पाठ केलेलं आठवतेय. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ती कुणाला शोधतेय ते. पण कसं सांगणार? काय सांगणार, सर, तिचे पप्पा आले नव्हते?

मग काल आम्ही नंबर बघायला आलो इथल्या शाळेत. जातात ना सगळेच आदल्या दिवशी, कुठला वर्ग, कुठला बाक. तर मधली रांग. आणि खिडक्यांना सगळ्या जाळ्या मारलेल्या, कबुतरं येतात म्हणून. ती त्या बाकापाशी उभी राहिली, जाळीकडं बघितलं, आणि बाकावर हात ठेवला. घरी जाऊन जेवली, झोपली, मला वाटलं चला, निभावलं. आणि आज सकाळी गेटवर माझा हात धरला. थंडगार हात हो, ह्या उन्हाचा. म्हणाली, 'आई, तू रामकुंडावर जा. पेपर सुरू झाला की पान ठेव. पप्पांनी शिवलं तर मला आत कळेल.' मी म्हटलं, कसं कळेल गं खुळे? तर म्हणाली, 'माझा हात चालायला लागेल.' आणि आत जाताना मागं वळून म्हणाली, 'नाही शिवलं तर खोटं सांगू नकोस.'

झाली असेल ना घंटा? झालीच असेल, ऊन बघा कुठं आलंय. सुरुवातीला ते पर्याय निवडायचे प्रश्न असतात, तेवढे तरी होतील. बघा, मी कशी मनाची समजूत घालतेय.

काय म्हणालात? ह्यांना एवढी हौस होती का गणिताची?

हौस. हं. तुम्ही पहिल्याच हो विचारणाऱ्या. आजपर्यंत कुणी विचारलं नाही मला, सगळ्यांना माहीतच होतं ना. हौस होती, नाही कशी. आठवीपर्यंत हेच शिकवायचे तिला, पाळीवरून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, आज काय केलं वर्गात. पण— आता काय सांगायचं. एक दिवस दुपारची पाळी, म्हणून सकाळी घरी होते, तिच्या डोक्याला तेल लावत बसले होते. पोरीच्या डोक्याला बापानं तेल लावलेलं बघितलंय कधी? हे लावायचे. आणि मला हाक मारली, 'उज्वला, इकडं ये.' बघते तर इथं, कपाळाच्या वर, रुपयाएवढी जागा मोकळी. गुळगुळीत. मी म्हटलं, बोअरचं पाणी आहे, कॉलनीत सगळ्यांचेच केस गळतात. हे म्हणाले, 'गळत नाहीत. उपटते ती. गणित अडलं की एकेक.' मग ती आत गेल्यावर म्हणाले, 'उद्या मी कॉलेजात जातो. भूगोल तर भूगोल. माझी पोरगी अशी मरायला नाही दिली मी शाळेत.' आणि मी, ताई, काय बोलले नसेन मी! तुम्हाला काय कळतंय, तुम्ही आयुष्यभर बॉयलरपाशी राहिलात, ती नको राहायला, मी पेढे वाटलेत गावभर, आता काय सांगू लोकांना. म्हटलं, तुम्ही जा कॉलेजात, मी जाते माहेरी. त्यावर हसले. म्हणाले, 'जाऊन ये. परत आलीस की भूगोल असेल.' आणि दुपारच्या पाळीला निघाले. डबा दिला मी हातात, पण रोजच्यासारखी दारापर्यंत गेले नाही. बस. तेवढंच. संध्याकाळी कॉलनीतली माणसं आली दारात.

म्हणजे जीव अडकलाच असेल तर कशात अडकला होता? त्या सगळ्या घोळक्यात मला एकटीला ठाऊक होतं. तंबाखू ठेवत होते, चहा ठेवत होते, मी बघत होते नि मला ठाऊक होतं. ओठ घट्ट मिटून उभी होते. आणि यादवभाऊजींनी हात वर केले ना, ओरडले ना, तर अगदी त्याच वेळी— आधी नाही, मागून नाही— मी मनात म्हटलं, 'बरं. हरले मी. घेऊ दे तिला भूगोल. या आता.' आणि आला.

आता तुम्ही सांगा, कुणाचं ऐकून आला?

सांगा ना. मोठ्यानं बोललेलं ऐकलं, का मनातलं ऐकलं? मेलेल्या माणसाला मोठ्यानं सांगावं लागतं का हो? मी तेव्हापासून हाच एक हिशेब घालतेय, मला दुसरं गणितच येत नाही. आणि त्या ग्रिलवरच्या कावळ्याकडं बघवत नाही मला. ती म्हणते, पप्पांना पटलं नाही, खोडते, परत लिहिते, आणि मला वाटतं, अगं, त्यांना उत्तर नाही पटत असं नाही, त्यांना हे सगळंच पटत नाही. पोळी कशी खातील ते? ते कॉलेजात जायचं म्हणून बसलेत.

मग बोलले का नाही? तुमचं तोंड बघून कळतंय, तेच विचारताय. रिक्षात ती म्हणाली, गणित ठेवते, तेव्हा फक्त तोंड उघडायचं होतं. गणपतीला अवकाश होता अजून. नाही उघडलं. मला— ताई, मला बरं वाटलं. नवऱ्याच्या दहाव्याला, डोळ्यांतलं पाणी खळलं नव्हतं, आणि मला आतून बरं वाटलं, की भांडण मी जिंकले. कावळ्यानं माझ्या बाजूनं निकाल दिला, तोही चारचौघांत. आता दोन जागा झाल्यात तिच्या डोक्यावर. एक इथं, एक मागं. वेणी तिरकी घालते नि वरून ओढणी घेते. आज गेटवर मीच नीट करून दिली ओढणी.

— ते बघा, ते बघा, तुमच्या गुरुजींनी दर्भ घेतला हातात. वळतायत. दीर नको म्हणतायत का? नाही, मान डोलावली. लावला. लावला हो दर्भ! सुटली तुमची निकिता. हात जोडा इथूनच, सासूबाईंना म्हणावं, सुखानं जा. बघा कशी हसली पोरगी, तिला काही ठाऊकसुद्धा नाही कशातून वाचली ते.

माझं पान? हो ना, तसंच आहे. नाही शिवला. कसा शिवेल, आपण दोघी इथं पानाला खेटून बसलोय, माणूस एवढ्या जवळ असल्यावर येतो का तो? नाही, चुकून नाही बसवलं मी तुम्हाला. तुम्ही दोनदा उठत होतात, मीच बसवलं. तुमच्या आधी एक फुलवाली बाई होती टोपली घेऊन, ती निघाली तर तिला म्हटलं, दाखव बाई गजरे, आणि घेतला की एक, हा बघा, मला काय करायचाय गजरा? पण तेवढा वेळ कुणीतरी शेजारी होतं. कुणी शेजारी असलं की तो येत नाही. तो नाही आला, की मला विचारावं लागत नाही, त्या दिवशी कुणाचं ऐकलंत म्हणून.

पण ती तिकडं पेन टेकवून बसली असेल हो. मधल्या रांगेत.

नको, सोबत नको. खरंच नको. मला ते मनातलं मोठ्यानं बोलायचंय आता, त्या दिवशी बोलायचं होतं तसं, सगळ्या घाटाला ऐकू जाईल एवढ्यानं. नि ती बाहेर आली की तिलाही तेच सांगायचंय, शिवो नाहीतर न शिवो. तुमची माणसं निघाली बघा, निकिता हाका मारतेय. जा. मागं वळून बघू नका, इथनं निघताना बघत नाहीत. हा गजरा घ्या तिला. जा ना ताई, उठा आता. तुमची सावली पडलीय पानावर.